नोकरी सांभाळून

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्या अंकाच्या संपादिकेचा फोन आला. ही मुलगी इथेच जन्मली, इथेच वाढली, पण मराठी अशी बोलते की आपण सांभाळून बोलावं. म्हणाली, "काका, यंदा श्रद्धांजलीचं पान तुम्ही लिहा. तुम्ही हिस्टरीचे ना? मग गेलेल्या लोकांवर तुम्हीच लिहायला पाहिजे." चाळीस वर्षं इतिहास शिकवून आपल्या विषयाची इतकी नेमकी व्याख्या मी ऐकली नव्हती. पुढे तिने अट घातली : "पण रडकं नको हं. लोक फराळ करता करता वाचतात."

अट रास्त होती. आपल्याकडच्या श्रद्धांजलीचा एक ठरलेला साचा आहे. माणूस गेला की 'अपरिमित हानी' होते, 'एका युगाचा अंत' होतो आणि 'कधीही न भरून येणारी पोकळी' निर्माण होते. गेल्या पन्नास वर्षांत निर्माण झालेल्या पोकळ्या मोजल्या तर महाराष्ट्राची एव्हाना चाळण व्हायला हवी होती. आचार्य अत्र्यांसारखा माणूस 'गेल्या दहा हजार वर्षांत असा झाला नाही' असं म्हणायचा तेव्हा त्यात गंमत होती आणि खरा जिव्हाळाही. त्यांची ती अतिशयोक्ती आपण उचलली. जिव्हाळ्याला मात्र नक्कल जमली नाही.

तेव्हा मी कागद घेतला आणि गेल्या दिवाळीपासून गेलेल्या, आपल्याला घरच्यासारख्या वाटणाऱ्या माणसांची नावं लिहिली. द्वारकानाथ संझगिरी, ६ फेब्रुवारी. पद्माकर शिवलकर, ३ मार्च. जयंत नारळीकर, २० मे. अच्युत पोतदार, १८ ऑगस्ट. बाळ कर्वे, २८ ऑगस्ट. एक क्रिकेटवर लिहिणारा, एक क्रिकेट खेळणारा, एक खगोलशास्त्रज्ञ आणि दोन नट. यांना एका पानावर बसवायचं कसं? मग दुसऱ्या दिवशी चहा पिताना लक्षात आलं की यांतल्या बहुतेकांबद्दल आमच्या वडिलांच्या पिढीने एकच वाक्य म्हटलं असतं, आणि म्हणताना आवाज जरा आदराने खाली आणला असता : "हे सगळं नोकरी सांभाळून हो!"

पाण्याचे नळ आणि गुंड्याभाऊ

बाळ कर्वे यांच्यापासून सुरुवात करतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर 'चिमणराव गुंड्याभाऊ' लागायचं. चिं. वि. जोशींचे चिमणराव झाले होते दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे. आमच्या इमारतीत दूरदर्शन संच एकच होता, त्यामुळे त्या घरच्या मंडळींना त्या संध्याकाळी स्वतःच्या घरात बसायला जागा मिळत नसे. गुंड्याभाऊ म्हणजे कसलेल्या अंगाचा, तापट, जगाशी भांडायला सदैव तयार आणि मनाने लोणी. कर्व्यांनी तो असा उभा केला की पुस्तक वाचताना आता दुसरा चेहरा डोळ्यांपुढे येतच नाही. हा गुंड्याभाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे जायचा? मुंबई महानगरपालिकेत. कर्वे तिथे अभियंता होते आणि त्यांनी तिथे तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केली. ९५ वर्षांचं आयुष्य मिळालं. महापालिकेचा एखादा माणूस आपल्या कामावर येतोय आणि तो गुंड्याभाऊ निघतोय, ही मुंबईकराची किती मोठी करमणूक असेल!

त्याच महापालिकेत द्वारकानाथ संझगिरी. सिव्हिल इंजिनिअर, पाणीपुरवठ्याच्या खात्यात मुख्य अभियंत्याच्या पदापर्यंत पोचलेले. पण मराठी माणसाला ठाऊक ते क्रिकेटवर लिहिणारे संझगिरी. खेळाडूची फटकेबाजी सांगता सांगता ते मध्येच एखादी मधुबाला आणायचे, कुठल्या देशात कुठे काय चांगलं खायला मिळतं ते सांगायचे आणि पुन्हा वेळेवर स्ट्रायकर एंडला हजर. आमच्यापैकी जे १९८० च्या आसपास देश सोडून आले, त्यांना पुढची कित्येक वर्षं भारतातून कोणी येणार असलं की दोन वस्तू मागवायची सवय होती : मेतकूट आणि मराठी क्रिकेटचं मासिक. इथे कोणाला क्रिकेट कळत नसे. मराठीत क्रिकेट वाचणं म्हणजे आपण वेडे नाही याची महिन्यातून एकदा खात्री करून घेणं होतं. मुंबईला पाणी आणि आम्हाला हे, दोन्ही पुरवणारा माणूस एकच होता हे मला फार उशिरा कळलं.

(महापालिकेचाच विषय निघाला म्हणून सांगतो, व. पु. काळे हेही तिथलेच, वास्तुविशारद. त्या इमारतीत फायली पुढे सरकत नाहीत अशी तक्रार लोक करतात. आतल्या मंडळींच्या हातून मराठी वाङ्मय किती पुढे सरकलं याची नोंद कोणी घेत नाही.)

अच्युत पोतदार यांची तर तिसरीच तऱ्हा. आधी शिक्षकी, मग लष्करात कॅप्टन, मग इंडियन ऑइलमध्ये साधारण पंचवीस वर्षं. चित्रपटात आले ते चाळिशी उलटल्यावर, म्हणजे ज्या वयात आपण कोलेस्टेरॉल तपासायला लागतो त्या वयात. शंभराहून अधिक चित्रपट केले. पण तुमच्या-माझ्या नातवंडांना ते ठाऊक आहेत 'थ्री इडियट्स'मधल्या एका छोट्या प्रसंगामुळे. आमिर खान यंत्राची व्याख्या आपल्या शब्दांत सांगतो आणि प्राध्यापक झालेले पोतदार वैतागून विचारतात की बाबा रे, तुला नक्की म्हणायचं काय आहे? तो प्रश्न आज साऱ्या जगभर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. मी चाळीस वर्षं वर्गात हाच प्रश्न वेगवेगळ्या सभ्य शब्दांत विचारत होतो. मला कोणी स्टिकर केलं नाही.

साइड हसल नव्हे

हे सगळं मी माझ्या सोळा वर्षांच्या नातीला सांगत होतो. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजोबा, म्हणजे हा त्यांचा साइड हसल होता का?" मी म्हटलं, "साइड हसलमध्ये पैसे येतात, ग. इथे जायचे."

तिला ते पटलं नाही, आणि तिच्या प्रश्नामुळे मलाही इतिहासाच्या मास्तरासारखा विचार करावा लागला. एकाच शहरात, एकाच काळात, दिवसा फायली आणि संध्याकाळी कला असं जगणारी एवढी माणसं कशी निपजली? मुंबईचं पाणी वेगळं हे उत्तर संझगिरींना शोभलं असतं, मला चालणार नाही.

कारणं अगदी साधी होती. कचेरी साडेपाच-सहाला सुटायची आणि सुटली म्हणजे सुटायची. खिशात वाजणारा साहेब अजून जन्माला आला नव्हता. नोकरी पक्की होती, त्यामुळे नाटक पडलं तरी पहिल्या तारखेला पगार होता. दूरदर्शन मुंबईत आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. तोवर संध्याकाळ रिकामी होती आणि ती स्वतःच भरावी लागे. शिवाय कचेऱ्यांना अशा माणसांची गरज होती. बँका, गिरण्या, मोठ्या कंपन्या टाइम्स शील्डसाठी क्रिकेटचे संघ उतरवायच्या आणि चांगला खेळाडू दिसला की त्याला टेबल-खुर्ची द्यायच्या. कारकुनांना राज्य नाट्य स्पर्धा होती, गिरणी कामगारांना कामगार कल्याण केंद्रांच्या स्पर्धा. पावसाळ्यात चिखलात खेळायची कांगा लीग १९४८ पासून सुरूच होती. अशा शहरात कोणाही माणसाला विचारा, "काय करता?" तर तो नोकरी सांगायचा, आणि जरा थांबून "तसा मी..." असं म्हणून खरं उत्तर द्यायचा.

काही जण त्या 'तसा मी'साठी नोकरी सोडूनही गेले. कान-नाक-घशाचे सर्जन डॉ. श्रीराम लागू त्यांतले सर्वांत ठळक. पण एका लागूंच्या मागे न सोडणारे हजार होते. रंगभूमी आणि मैदान उभं राहिलं ते त्या हजारांच्या खांद्यावर.

दोन दिवस आणि एक चेंडू

या हजारांचा सेनापती मला विचाराल तर पद्माकर शिवलकर. १२४ प्रथम श्रेणी सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९, आणि कसोटी सामने शून्य. यात कोणा निवडसमितीचं कारस्थान शोधायची गरज नाही. डावखुरा फिरकी गोलंदाज संघात एक असतो, आणि त्या काळात तो एक म्हणजे बिशनसिंग बेदी होते. ६७ कसोटी, २६६ बळी. शिवलकरांचा गुन्हा एवढाच की ते बेदींच्या आगेमागे जन्मले. सहा वर्षं आधीच जन्मले होते. पण नशीब वयाने ज्येष्ठतेची यादी करत नाही, ते फक्त महापालिकेत.

१९७२-७३ चा रणजी अंतिम सामना चेपॉकवर होता, मुंबई विरुद्ध तामिळनाडू. खेळपट्टी अशी की चेंडू टप्पा पडल्यावर कुठे जायचं ते स्वतःच ठरवत होता. शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ बळी घेतले. तामिळनाडू ८० आणि ६१. सामना दोन दिवस आणि एका चेंडूत संपला. तिसऱ्या दिवशी तिकीट काढून आलेल्यांनी त्या एका चेंडूचं काय केलं असेल, मला नेहमी प्रश्न पडतो. मुंबईचं ते सलग पंधरावं अजिंक्यपद होतं. मी तेव्हा कॉलेजात होतो. आमच्या डोंबिवलीच्या घरी वडिलांनी ती बातमी मोठ्याने दोनदा वाचून दाखवली आणि म्हणाले, "आता तरी घेतील." घेतलं नाही.

पण या माणसाने कटुतेला घरात जागा दिली नाही. सुनील गावसकरांनी 'आयडॉल्स' या पुस्तकात आपले आदर्श निवडले तेव्हा कसोटी न खेळलेल्या शिवलकर आणि राजिंदर गोयल यांना त्यांत बसवलं. ते गात असत, आणि चेंडू व दैव यांवरचं त्यांचं गाणं आमच्या पिढीच्या कानांत आहे. १९८७-८८ च्या हंगामात मुंबईने त्यांना पुन्हा बोलावलं तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. गेले आणि टाकली गोलंदाजी! दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, "आता आठवण झाली का?"

नारायण विनायक जगताप

जयंत नारळीकर या यादीत कसे, असं तुम्ही विचाराल. त्यांची नोकरीच आकाशाशी. १९३८ साली कोल्हापुरात जन्म, बनारसला बालपण, केंब्रिजला १९५९ मध्ये सीनिअर रँग्लर, फ्रेड हॉएल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त, २६ व्या वर्षी पद्मभूषण, १९७२ मध्ये मायदेशी परत, आणि पुढे पुण्यात 'आयुका'ची उभारणी. महास्फोटाने विश्व सुरू झालं हे जवळपास सगळ्या जगाने मान्य केल्यावरही हे आपले शांतपणे 'मला पुरावा पटत नाही' म्हणत राहिले. पुण्यात राहून एवढं सौम्यपणे मतभेद नोंदवणारा माणूस ही स्वतःच एक खगोलीय घटना होती.

पण त्यांचीही एक संध्याकाळ होती. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा होती. नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा लिहिली. नाव पाहून परीक्षक बक्षीस देतील ही शंका, म्हणून आपली आद्याक्षरं उलटी करून टोपणनाव घेतलं : नारायण विनायक जगताप. तरी हस्ताक्षर ओळखलं जाईल, म्हणून कथा उतरवून काढायचं काम मंगलाताईंनी केलं. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. तेच जगताप २०२१ मध्ये नाशिकच्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

मुलं स्वाक्षरी मागायला आली तर ते म्हणत, स्वाक्षरी नाही देणार. मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर स्वाक्षरीसकट येईल. आणि येत असे. वहीत सही घेऊन पळणाऱ्या मुलाला आधी प्रश्न शोधायला लावणं याहून चांगली शिक्षणपद्धती मी चाळीस वर्षांत पाहिली नाही.

इथे मला दोन वर्षं मागे जायला हवं, कारण मंगला नारळीकर जुलै २०२३ मध्ये गेल्या आणि त्यांच्यावर या अंकात आपण काही लिहिलं नव्हतं. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं म्हणायची सोय आली, तेव्हा त्या गणिताच्या समितीच्या अध्यक्षा होत्या. महाराष्ट्रात विनोदांचा पाऊस पडला. तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचं आडनाव आता 'फडण दोन शून्य' लिहायचं का, इथपर्यंत मजल गेली. आपल्या रविवारच्या मराठी शाळेत मात्र आम्ही गप्प होतो. आमच्याकडे मुलं कोणत्याही समितीच्या परवानगीशिवाय वर्षानुवर्षं 'पन्नास नऊ' म्हणत होती, आणि एकोणसाठ की एकोणसत्तर या घाटात आमची निम्मी मुलं मराठी सोडून परतत होती. मंगलाताई आमच्याच मुलांच्या बाजूने बोलत होत्या.

त्या स्वतः गणितातल्या सुवर्णपदकाच्या मानकरी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संशोधन सुरू केलं, मग लग्न, केंब्रिज, परत येणं, तीन मुली. पीएच.डी. झाली १९८१ मध्ये. एका लेखात त्यांनी आपल्याबद्दल लिहिलं आहे, आशय असा की माझी गोष्ट माझ्या पिढीतल्या पुष्कळ शिकलेल्या बायकांची आहे. घरच्या जबाबदाऱ्या आधी, स्वतःचं काम नंतर. त्यात तक्रारीचा सूर नाही. म्हणूनच वाचताना मी अडखळलो.

एक दुरुस्ती

काही वर्षांपूर्वी याच अंकात मी माझ्या वडिलांवर लेख लिहिला होता. जुन्या वाचकांना आठवेल. फोर्टातल्या एका कचेरीत ते कारकून होते आणि कचेरीच्या नाटकांत चौदा वर्षं प्रॉम्प्टर. रंगमंचावर कधी आले नाहीत. विंगेत बसून दुसऱ्यांची वाक्यं पुरवली. शेवटच्या लोकलने घरी यायचे. लेख लोकांना आवडला. त्यात आईचा उल्लेख एकदा आला होता, चहाच्या संदर्भात.

मंगलाताईंनी कथा उतरवून काढल्याचा प्रसंग या लेखासाठी लिहीत होतो आणि लिहिता लिहिता उठलो. माळ्यावर वडिलांच्या नाटकांच्या वह्या आहेत, १९८१ मध्ये मी इथे शिकायला आलो त्यानंतर केव्हातरी आणलेल्या. काढून पाहिल्या. प्रत्येक पात्राची नक्कल वेगळ्या वहीत, सुबक अक्षरात. मी इतकी वर्षं त्या 'वडिलांच्या वह्या' म्हणत होतो. अक्षर आईचं आहे. इतिहासाच्या माणसाने कागदपत्रातलं अक्षर कोणाचं हे सर्वांत आधी पाहायचं असतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हेच शिकवायचो.

धाकट्या बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, "तुला माहीत नव्हतं? ती रात्री त्यांच्यासाठी जागी असायची ना, तेव्हा उतरवायची. आणि तिने एकही नाटक शेवटपर्यंत पाहिलं नाही, मी दुसऱ्या अंकात झोपायचे म्हणून." सगळ्या नाटकांचे शेवट आईला पाठ होते, कारण तिनेच ते लिहून काढले होते. पाहिला एकही नव्हता.

'नोकरी सांभाळून' या कौतुकाच्या वाक्याला आणखी एक अर्धं वाक्य जोडलेलं होतं, ते आम्ही म्हटलं नाही. त्यांनी नोकरी सांभाळली आणि त्यांना कोणीतरी सांभाळलं. यामुळे वर लिहिलेल्या माणसांचं मोठेपण तसूभर कमी होत नाही. आमच्या पिढीने जमाखर्च नीट मांडला नाही, एवढंच.

आपणही इथे तेच करतो. सोमवार ते शुक्रवार संगणक, दवाखाना, बँक. शनिवारी कोणाच्या तरी तळघरात एकांकिकेची तालीम. मला या मंडळींचा अभिमान आहे. मुंबई सुटली तरी 'तसा मी' सुटलेलं नाही. आता पुष्कळ ठिकाणी 'तशी मी'ही ऐकू येतं, आणि तिचा नवरा मुलांना पोहण्याच्या वर्गाला घेऊन गेलेला असतो, हे त्याहून बरं. कार्यकारिणीला माझी एकच सूचना आहे. यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेत प्रकाश, ध्वनी, नेपथ्य यांच्याखाली एक ओळ वाढवा : तालमीच्या वेळी मुलं कोणी सांभाळली. नावानिशी छापा. जाहिरातीतून एक ओळ कमी झाली तर त्या दुकानदाराची समजूत मी काढीन.

हा लेख संपादिकेला पाठवण्याआधी बायकोला वाचायला दिला. माझा प्रबंध तिनेच टाइप केला होता, आणि आभाराच्या पानावर ती टंकलेखनयंत्राच्या लगेच खाली आहे. तिने सगळं वाचलं, दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि म्हणाली, "बरा झालाय. पण तारीख उलटून पाच दिवस झाले, ती मुलगी किती वाट पाहील?"

म्हणून थांबतो. दिवाळीच्या शुभेच्छा. पुढच्या वर्षी या पानावर माझं नाव लेखकाऐवजी विषय म्हणून आलं, तर पोकळी वगैरे लिहू नका. एवढंच लिहा : शिकवायचे बरे, लेख वेळेवर द्यायचे नाहीत, आणि आईचं अक्षर ओळखायला त्यांना चौऱ्याहत्तर वर्षं लागली. सत्तर चार.